इन्शिराहचं माप

नाही गं युस्तिना, दोन बोटं कमी करून मी शिवणार नाही. तुझ्या आईला माझं नाव सांग, वाटल्यास माझ्याशी भांडायला पाठव. "साखरपुड्यापर्यंत बारीक होईल ती" हे मी पस्तीस वर्षं ऐकतेय. बारीक कुणी होत नाही, शिवण तेवढी उसवते. आणि पोट आत ओढून उभी राहू नकोस, मला कळतं. सोड श्वास. हं, अशी. जेवढी आहेस तेवढी उभी राहा.

काय म्हणालीस, दमियाना अब्ला चिडली? चिडले नाही गं बाई. घाबरले. पस्तीस वर्षं मापं घेणारी बाई मापाला घाबरते, हसशील तर हस. झालं, उतर खाली. बस त्या स्टुलावर, दिवा जरा इकडे ओढ आणि चहा निवायच्या आत पी. आज तुला सांगूनच टाकते. कुणाला तरी सांगायला हवंच होतं, आणि या घरात भिंतींशिवाय आहे कोण? आई गेली, भाऊ सिडनीला जाऊन बसलाय, सणाला फोन करतो.

हाज मुख्तारचं दुकान तू पाहिलं आहेस, शुब्रा रस्त्यावर, औषधांच्या दुकानाला लागून. भरल्या अंगाच्या बायकांचे कपडे. मी आत पडद्यामागे मशीनवर बसायची आणि पुढे गिऱ्हाईक बघायची इन्शिराह. काय बाई होती ती! दारातून आत आली की दुकान भरलंसं वाटायचं. गिऱ्हाइकाला तोंडावर टोमणे मारायची, तरी कुणी रिकाम्या हाताने परत जात नसे. एखादी रडवेली होऊन म्हणाली, "नवरा म्हणतो बारीक हो," की ही कमरेवर हात ठेवून विचारणार, "आणि तो कधी उंच होणार म्हणे?"

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बाजारात मिळणारे पुतळे तेव्हाही सगळे काडीसारखे. आमचा पायघोळ अबाया त्यांच्या अंगावर चढवला की खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. मागून कितीही टाचण्या मारा, पुढून रया नाही ती नाहीच. बाया काचेत बघायच्या आणि पुढे निघून जायच्या. मग हाजने एक प्लास्टरवाला गाठला, छताला फुलं-वेली करणारा. पण परक्या पुरुषाने इन्शिराहच्या अंगाला हात कसा लावायचा? म्हणून त्याची बायको आली. कपडे बदलायच्या खोलीत पडदा लावून तिने इन्शिराहला मानेपासून गुडघ्यापर्यंत ओल्या पट्ट्यांत गुंडाळलं. पट्ट्या भिजवून द्यायला मी. इन्शिराह आतून ओरडत होती, "अगं मेल्यांनो, मेल्यावर गुंडाळायचं ते आत्ताच गुंडाळताय होय!" हसून हसून आमची पुरेवाट झाली.

त्या साच्यातून पुतळा निघाला. डोकं नाही, हात नाहीत. मान, छाती, पोट, कंबर, मांड्या, जशीच्या तशी इन्शिराह. डाव्या कुशीवर तिच्या मांसाची एक घडी पडायची, तीसुद्धा. काचेत उभी केली आणि बाया थांबायला लागल्या. आकड्यात माप मागणं बंद झालं. आकडा तोंडातून काढायची लाज वाटते ना गं, तुला आत्ता वाटली तशी. आमच्याकडे म्हणायच्या, "इन्शिराहपेक्षा एक बोट जास्त दे," नाहीतर "इन्शिराहच दे, छातीला तेवढी कमी कर." स्वतःला जगातली सगळ्यात जाड समजणारी बाईसुद्धा काचेकडे बघून म्हणायची, "अगं बाई, ही तर माझ्याहून थोर!" आणि हसत आत यायची. आम्ही दोघी मग त्या पुतळ्याला 'काचेतली' म्हणायला लागलो.

गेल्या हिवाळ्यात इन्शिराहच्या गुडघ्यांनी दगा दिला. तासन्‌तास उभं राहवेना. झगाझिगला तिची विधवा भावजय असते, तिच्याकडे राहायला गेली. जाताना काचेतलीच्या पोटावर थाप मारून म्हणाली, "हिला नीट जेवायला घाल गं." त्या दिवशी मी मशीनवर बसून रडले. दुकानात मला नावाने हाक मारणारी तीच एक होती. बाकी सगळ्यांची मी नुसती 'सित्त', म्हणजे बाईसाहेब, नाहीतर 'आतल्या बाई'.

मग आला रमजान. आमच्या दुकानाची रीत अशी, की संध्याकाळच्या बांगेला सगळे रोजा सोडायला घरी जाणार आणि दुकान राखायला मी थांबणार. मी ख्रिस्ती, मला कसली घाई. इन्शिराह होती तोवर ती घरी जातच नसे. मशीनशेजारी वर्तमानपत्र पसरून तिथेच रोजा सोडायची, आणि आपला मोठा उपास चालू असेल तर माझ्यासाठी बिनतुपाचा भात वेगळा आणायची. यंदा पहिल्यांदा मी एकटी.

ती वेळ तू पाहिलेली नाहीस. तेव्हा आपली माणसंसुद्धा घरात असतात. एरवी शुब्रा रस्ता कसा, कानठळ्या बसतात. आणि बांग झाली की कुणी फडकं फिरवून पुसून टाकावा तसा रस्ता रिकामा. गाडी नाही, माणूस नाही. वर कागदी पताका फडफडतात आणि बाल्कन्यांमधून चमचे वाजल्याचा आवाज येतो. हजारो चमचे. सगळ्या जगाच्या घरात कुणीतरी कुणालातरी वाढतंय, तळलेल्या कांद्याचा वास येतोय, आणि आपण अर्ध्या ओढलेल्या शटरमागे पावात उसळ घालून खातोय.

पण दहा मिनिटांत इन्शिराहचा फोन यायचा. तोंडात खजूर असायचाच. "एकटीच ना गं तू? खाल्लंस?" एवढंच रोज. त्या दोन प्रश्नांवर माझा दिवस निघायचा.

आता यंदाच झालं काय, समोर नवं दुकान उघडलं. मोठी काच, काचेत चकचकीत पांढऱ्या पोरी, चेहरा नाही, कंबर माझ्या मांडीएवढी. आणि गंमत म्हणजे आमच्याच बाया त्या काचेसमोर जाऊन उभ्या राहायच्या. त्यातलं एक कापड त्यांच्या अंगाला शिवणार नाही हे माहीत असून. हाज गल्ल्यावर बसून ते बघायचा आणि मिशी चावायचा. तिसऱ्या रोज्याला त्याने मला बाहेर बोलावलं.

"सित्त, हिला जरा तासून घ्या."

"कुणाला?"

"काचेतलीला. पोट, कंबर, कुशी. गिऱ्हाईक दचकतं हिला बघून."

"हाज, अठरा वर्षांत कुणी दचकलं नाही. आणि कपडे? ते याच मापाचे राहणार ना?"

"कपडे तेच हो. पण बाईला काचेत दाखवायचं तिला व्हायचं असतं ते, आणि पिशवीत घालायचं ती असते ते. धंदा आहे."

"इन्शिराहला विचारलंत?"

"प्लास्टर आहे, सित्त! प्लास्टरला काय विचारायचं? नसेल जमत तर भंगारवाल्याला देतो. तुम्हीच ठरवा."

मग काय करणार? भंगारात जाण्यापेक्षा तासलेली बरी, असं मी मनाला समजावलं. युस्तिना, कुणावर माया असली की माणूस कसं वेड्यासारखं वागतं बघ. मला वाटलं मी तिला वाचवतेय.

धुरळा कपड्यांवर नको म्हणून दुकान रिकामं असतानाच करायचं ठरलं. म्हणजे बांगेची वेळ. हाजने कानस आणून दिली, काचकागद आणला. काचेतलीला मी आत घेतलं, झगा काढला, खाली चादर अंथरली. पहिल्या दिवशी पोट. खर्र… खर्र… पांढरी भुकटी माझ्या मांडीवर पडत होती, आणि नाकात तो ओल्या भिंतीचा वास. बाहेर चिटपाखरू नाही. उघड्या बाईसमोर बसून तिचं पोट घासायचं… मी सारखी म्हणत होते, प्लास्टर आहे गं, प्लास्टर.

फोन आला. इन्शिराह खुशीत. "दमियाना, गंमत ऐक! माझा घरचा झगा ढिला होतोय! भावजय म्हणते कुणाची तरी नजर लागली. हाजला सांग, आता मलाच काचेत उभी कर म्हणावं!"

मी हसले. काय करतेय ते सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल म्हणून.

चौथ्या दिवशी तिचा आवाज जरा बसका होता. "खाते गं मी. ताट भरून खाते. जातं कुठे तेच कळत नाही." म्हटलं, रोजे आहेत, उन्हं वाढलीत. सहाव्या दिवशी म्हणाली, "गल्लीतल्या बाया विचारतात, काय औषध घेतेस? मी म्हटलं, तुम्हाला नको ते औषध." आणि हसली. पण ते तिचं हसणं नव्हतं. तिचं हसणं फोनमधून बाहेर यायचं, हे आतल्या आत राहिलं.

आठव्या दिवशी मी डावी कुशी घेतली. ती घडी. मला ती घासायची नव्हती, पण हाज सकाळीच म्हणाला होता, "तो टायर आधी काढा." फोन आला तेव्हा हात भरले होते, म्हणून स्पीकर लावून मशीनवर ठेवला आणि बोलता बोलता घासत राहिले.

"दमियाना… तिकडे कसला आवाज येतोय?"

"काही नाही. उंदीर असेल."

"इथेपण येतोय गं…"

"कुठे?"

"डाव्या कुशीत."

मी थांबले. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता, आणि भावजयीच्या चमच्याचा आवाज.

"थांबला आता," ती म्हणाली.

देव मला क्षमा करो. मी एकदाच, अगदी हलकी, कानस पुन्हा त्या घडीवर टेकवली. खात्री करायला. एकदाच ओढली. मग फार हळू आवाजात इन्शिराह म्हणाली, "नको ना करूस पुन्हा…"

मी तिला काही सांगितलेलं नव्हतं. एक अक्षर नाही. आजपर्यंत मला कळलेलं नाही की ती मला म्हणाली की दुखण्याला म्हणाली. फोन बंद झाला आणि मी त्या चादरीवर बसून राहिले. पुढ्यात ती, डोकं नसलेली. हाज परत येईपर्यंत मला उठवलं नाही.

शुक्रवारी मी झगाझिगची मिनीबस धरली. दार भावजयीने उघडलं आणि माझ्याकडे न बघताच बाजूला झाली. खाटेवर जी बसली होती तिला मी ओळखलं नाही. चेहरा तोच, मोठा, गोल. मान तीच. हातसुद्धा तसेच जाडजूड. आणि मधे… मधे काहीच नाही गं. पोट आत गेलेलं, कंबर एवढीशी. कुणी आजारी पडून बारीक होतं ते सगळीकडून होतं. ही फक्त मी घासलं तिथेच झाली होती.

"डॉक्टर म्हणतो काही नाही," भावजय म्हणाली. "रक्त चांगलं, साखर चांगली. म्हणतो, बरंच झालं की, वजन उतरलं."

"सगळे अभिनंदन करतात," इन्शिराह म्हणाली. "मी मरतेय आणि सगळे अभिनंदन करतायत. दमियाना, हे काय होतंय मला?"

मी तिचा झगा वर केला. डाव्या कुशीवर घडी नव्हती. तिथली कातडी कोरडी, पांढुरकी, आणि तिच्यावर बारीक बारीक सरळ ओरखडे. सगळे एका दिशेने. मी कानस वरून खाली ओढते, डावरी असल्यामुळे जरा तिरकी. ते ओरखडेही तिरके होते. पर्समधून टेप काढली. टेप दोनदा हातातून पडली. कंबर मोजली. काचेतलीची कंबर मी आदल्या संध्याकाळी मोजली होती. रेषेला रेष जुळली.

तिथेच मी तिच्या पायावर डोकं ठेवून सगळं सांगितलं. वाटलं, आता ही मला लाथ मारेल. तिने झगा खाली ओढला. मग म्हणाली, "भंगारात देणार होता मला? मुख्तार?" डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "अठरा वर्षं उभी राहिले गं मी त्याच्या काचेत…" थोड्या वेळाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जे काढलंस ते परत लाव. तुलाच जमेल."

परत लाव म्हणे! पण कसं? भुकटी तर मी रोज झाडून टाकली होती. आणि माप कुठलं? इन्शिराहचं माप कुणी कागदावर लिहिलंच नव्हतं, माप म्हणजे तीच होती. आता खाटेवरची तासलेली आणि काचेतलीही तासलेली. डोळ्यांनी अंदाज करून लावू? थोडं इकडे तिकडे झालं तर? पोटात गाठ येईल, बरगडी दबेल, काय होईल कुणी सांगावं! परतीच्या वाटेवर मी सगळा वेळ माझ्याच पोटावर हात ठेवून बसले होते, आणि तेव्हाच सुचलं. आम्ही दोघी एकमेकींचे झगे घालायचो. माझे तिला छातीला घट्ट व्हायचे, पण पोट, कंबर, कुशी यांना एक टाका बदलावा लागत नसे.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या आणि प्लास्टर घेऊन गेले. बांग झाली, दुकान रिकामं झालं, मी शटर पूर्ण खाली ओढलं. कपडे बदलायच्या खोलीत जाऊन अंगावरचं काढलं आणि त्या आरशासमोर उभी राहिले. किती वर्षांनी मी स्वतःला बघितलं असेन! दुसऱ्यांची शरीरं रोज मोजायची, आपल्याकडे बघायला वेळ नाही, आणि खरं सांगू, हिंमतही नाही. पट्ट्या भिजवल्या आणि पोटावर, कुशीवर, कमरेवर लावत गेले. पुढून आणि दोन्ही बाजूंनी. पाठीकडे हात पोचेना, आणि मदतीला कोण? पण काचेतलीची पाठ मी घासलेली नव्हती, त्यामुळे तिकडे लावायची गरजही नव्हती. हे लक्षात ठेव, युस्तिना. पाठीला मी काही लावलं नाही.

साचा सुकला, काढला, त्यात प्लास्टर भरून ते कवच काचेतलीवर चढवलं आणि ओल्या हातांनी कडा लिंपत बसले. फोन वाजला. स्पीकर लावला.

"दमियाना… काहीतरी गार लागतंय. ओलं."

"असू दे. हलू नकोस."

"घट्ट होतंय गं…"

"दुखतंय?"

पलीकडे तिची खाट करकरली. मग म्हणाली, "नाही. कुणीतरी कवेत घेतल्यासारखं वाटतंय." आणि पाठोपाठ भावजयीला हाक, "अगं, भात उरलाय का?"

मी तिथेच जमिनीवर बसून ढसाढसा रडले. त्या रात्री इन्शिराह तीन वाट्या भात जेवली.

ईदपर्यंत ती पहिल्यासारखी झाली. जवळजवळ. भावजय म्हणे, "चालते मात्र तुझ्यासारखी, डाव्या पायावर जोर देऊन." हाजने काचेकडे बघून भुवया वर केल्या. "ही परत फुगली कशी?" मी म्हटलं, "ओल धरली असेल." ईदची झुंबड होती, त्याला भांडायला फुरसत नव्हती.

चूक झाली ती पुढे. आपल्या पवित्र आठवड्यात मी सुट्टी घेतली. आठ दिवस चर्चमध्ये. सणाचा केक घेऊन मी दुकानात गेले तर काचेत चकचकीत पांढरी पोरगी उभी. बिनचेहऱ्याची.

"हाज, ती कुठे आहे?"

"कोण? हां… ती. दिली."

"कुणाला?"

"भंगारवाला 'रोबाबेकिया' ओरडत चालला होता. घेऊन जा म्हटलं. वर मलाच म्हणतो, जड आहे, हमाली द्या!"

मी केक तिथेच ठेवला आणि निघाले, ती पुन्हा त्या दुकानात पाऊल टाकलं नाही. शुब्रातल्या एकेका भंगारवाल्याच्या हातगाडीमागे मी धावलेय. शेवटी तो सापडला. म्हणाला, अताबाच्या बाजूला कुणा कपडेवाल्याने घेतली. कुणी? आठवत नाही. मी अताबाची गल्ली न् गल्ली पालथी घातली. बुलाकचा जुना बाजार पाहिला. एवढ्या काचा, युस्तिना, आणि सगळ्या काचांत त्याच उपाशी पोरी. आपल्यासारखी एक नाही. लोकांना वाटायचं ही जाडी बाई रस्त्यात उभी राहून पुतळ्यांचे झगे का चाचपते.

मग मी घरीच शिवायला बसले. महिने गेले. इन्शिराह रोज संध्याकाळी फोन करायची, रमजान संपला तरी. "ठीक आहेस?" "ठीक आहे. तू?" "ठीक." हळूहळू वाटायला लागलं, कुणी भल्या माणसाने घेतली असेल तिला, असेल उभी कुठेतरी मजेत.

मागच्या मंगळवारी, दुपारी, मी या मशीनवर बसले होते. आणि माझ्या कमरेला कुणीतरी दोन्ही हात लावले. पुढून. उबदार, खरखरीत हात. घाईचे नव्हते गं, नीट अंदाज घेणारे होते. आणि मी ओरडले नाही. लाज वाटते सांगायला. आई गेल्यापासून मला कुणी हातच लावला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मी डोळे मिटून तशीच बसून राहिले, ते हात निघून जाईपर्यंत.

संध्याकाळी इन्शिराहचा फोन. "दमियाना… तुलाही?"

"हो."

"मोजतोय कुणीतरी."

बुधवारी काही नाही. गुरुवारी आंघोळीला गेले तेव्हा दिसली. बेंबीच्या जरा वर, एक रेघ. पेन्सिलीची. बारीक, काळी, पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ. साबण लावला, दगडाने घासलं, जात नाही. इन्शिराहलाही आहे. भावजयीने तिच्या पाठीकडून बघितलं, तर रेघ पूर्ण गोल फिरून जिथे सुरू झाली तिथेच येऊन मिळाली आहे.

तू दुकानं बघतेस, तुला ठाऊक असेल. अताबात आता पुतळे कमरेत करवतीने कापून अर्धे अर्धे ठेवतात. ब्लाऊज दाखवायला वरचा अर्धा, पँट दाखवायला खालचा. जागा कमी लागते. आणि एका पुतळ्याचे दोन होतात.

आज संध्याकाळी इन्शिराहचा फोन आला नाही. मी केला तर वाजत राहिला. भावजयीचाही वाजत राहिला. तू आलीस तेव्हा दाराकडे धावले ती त्याचसाठी, वाटलं निरोप घेऊन कुणी आलं असेल.

म्हणून तुला बसवून घेतलं गं. माप तर निमित्त. माझ्या घरात माझी पाठ बघणारं कुणी नाही. आरशात पुरती दिसत नाही, मान तेवढी वळत नाही. पाठीला मी प्लास्टर लावलं नव्हतं. त्यामुळे मागे रेघ नसेल, तर ते फक्त वरवरचं कवच आहे माझं, गेलं तर गेलं. आणि मागेही असेल… तर मी पूर्ण आहे तिच्यात. एवढंच मला कळायला हवंय. घाबरू नकोस. दिवा उचल. मी ब्लाऊज वर करते.

समोरची दिसली? हं. आता मागे ये. जवळ धर दिवा… जवळ. बघ नीट.

नाही ना मागे?

बोलत का नाहीस?

…आहे?

बरं. बरं… रडू नकोस. एवढंच सांग, पूर्ण गोल फिरली आहे की मधे कुठे सुटली आहे. बोलवत नसेल तर बोट ठेव आणि दाखव, कुठवर आली ती. ठेव बोट. हं… तिथे. म्हणजे कण्याच्याही पुढे… थांबू नकोस, सरकव पुढे.

अगं, नख नको लावूस. टोचतंय.

किती गार आहे तुझं बोट… लोखंडासारखं.

युस्तिना? तू दाराशी कधी जाऊन उभी राहिलीस?